प्रयोगाची नोंद: बर्गमनची 'जादूची बासरी' आणि आपलं 'वन्स मोअर'

मराठीत नाटकाचाही 'प्रयोग' होतो आणि लॅबमध्येही 'प्रयोग'च होतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. या ब्लॉगवर एरवी मी सेन्सर, ग्राफ आणि सिनॉप्सिस यांच्याबद्दल लिहिते, पण आज त्या एका शब्दाच्या भरवशावर एका सिनेमाबद्दल लिहिणार आहे. पेटची तयारी करणाऱ्यांनी पान बंद करू नका. प्रश्न तुमच्याच कामाचा आहे: प्रयोग झाला, संपला. आता त्यातलं काय टिपून ठेवलं म्हणजे तो 'नोंदवला' असं म्हणायचं?

सिनेमा आहे इंगमार बर्गमनचा 'जादूची बासरी'. 1 जानेवारी 1975 ला तो स्वीडनच्या टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला गेला. मोझार्टचा ऑपेरा, मूळ जर्मन, इथे स्वीडिशमध्ये गायलेला. लांबी सव्वादोन तास. ऑपेरा म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण गोष्ट अगदी आजीच्या गोष्टींसारखी आहे. राजपुत्र तामिनोच्या मागे साप लागतो. रात्रीच्या राणीच्या तीन बाया त्याला वाचवतात. राणी सांगते, माझी मुलगी पामिना झारास्त्रो नावाच्या दुष्टाने पळवून नेलीय, तिला सोडवून आण. सोबतीला मिळतो पापागेनो, अंगावर पिसं लावलेला पाखरं धरणारा, बडबड्या आणि भित्रा. एकाला जादूची बासरी, दुसऱ्याला जादूच्या घंट्या. तिकडे पोचल्यावर कळतं की झारास्त्रो दुष्ट नाहीच, उलट राणीच कारस्थानी. मग मौनाची परीक्षा, आगीची, पाण्याची, आणि शेवट गोड.

हा ऑपेरा 30 सप्टेंबर 1791 ला व्हिएन्नाच्या एका उपनगरातल्या नाटकघरात पहिल्यांदा झाला. राजवाड्यात नाही, हे महत्त्वाचं. लेखक शिकानेडर. तोच नाटक कंपनीचा मालक आणि पहिल्या प्रयोगातला पापागेनोही तोच. गाणं, मग साधं बोलणं, मग पुन्हा गाणं, असा सगळा साचा. विनोदी पात्राला भाव, पडद्यामागे यंत्रांची करामत, समोर तिकीट काढून आलेली माणसं. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांच्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार?

त्या ऑक्टोबरमध्ये मोझार्टने बायकोला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यातली दोन निरीक्षणं मला फार मोलाची वाटतात. एका पत्रात तो कळवतो की नेहमीप्रमाणे अमुक युगुलगीत आणि घंट्यांचं गाणं लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं, पण आपल्याला सगळ्यात जास्त सुखावते ती प्रेक्षकांची न बोलता मिळणारी पावती. म्हणजे वन्स मोअर! आणि वन्स मोअरच्याही पुढची, शांततेची नोंद. संगीतकार स्वतः प्रेक्षागृहाचं रीडिंग घेतोय. दुसऱ्या पत्रातली गंमत अशी: पापागेनो स्टेजवर घंट्या वाजवल्याचं नुसतं सोंग करायचा, खरं वाद्य विंगेत वाजायचं. एका रात्री मोझार्ट स्वतः विंगेत जाऊन ते वाजवायला बसला आणि मुद्दाम भलत्याच जागी सूर सोडले. शिकानेडर थांबला, तिकडे बघितलं, पुन्हा सुरू झालं, शेवटी त्याने हातातल्या खोट्या वाद्यावर चापट मारून 'गप बस' म्हटलं. प्रेक्षागृह हसलं. मोझार्टच्या म्हणण्याप्रमाणे घंट्या पापागेनो वाजवत नाही हे बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ही दोन पत्रं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आता आपल्याकडे. माझं गाव कवठे महांकाळ, सांगलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत. 'शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्व 1905 साली शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. या सगळ्यात 'जादूच्या बासरी'च्या सगळ्यात जवळचं नाटक मला वाटतं ते खाडिलकरांचं 'मानापमान'. पहिला प्रयोग 12 मार्च 1911, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. श्रीमंताची लेक भामिनी गरीब पण शूर धैर्यधराला नाकारते, मग वनमाला नावाने साध्या मुलीच्या वेशात त्याच्या छावणीत जाते आणि तिथं तिला माणूस कळतो. दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर हसवायला आहेच. वेषांतर, परीक्षा, मानी नायिका, भित्रा विनोदी गडी. दोन्हीकडे हाडं तीच.

आणि दोन्हीकडे वन्स मोअर तेच. हा प्रकार फक्त 'लोकांना आवडलं म्हणून परत गायलं' एवढाच नसतो. संगीत नाटकात पद दुसऱ्यांदा येतं तेव्हा ते तसंच येत नाही. गाणारा वेगळी जागा घेतो, तान वाढवतो, आधी घाईत सुटलेला शब्द थांबून म्हणतो. प्रेक्षागृह पुन्हा प्रतिसाद देतं, त्यावरून तिसरी फेरी होते किंवा होत नाही. विज्ञानवाल्यांच्या भाषेत ही फीडबॅक असलेली यंत्रणा आहे: आउटपुटचा काही भाग परत इनपुटला येतो आणि पुढचं आउटपुट त्यावर ठरतं. जत्रेतल्या तमाशात दौलतजादा हेच करतो, फक्त तिथं सिग्नल पैशाचा असतो. त्यामुळे 'मानापमान किती वेळाचं नाटक आहे?' या प्रश्नाला एकच आकडा नाही. समोर कोण बसलंय यावर ते ठरतं.

8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' त्यानंतर दहा वर्षांनी आला. म्हणजे त्या रात्रीची ध्वनिचित्र नोंद असणं शक्यच नव्हतं. बालगंधर्वांचं गाणं आज आपण ऐकतो ते बहुतेक जुन्या तबकड्यांवर. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. जे पद स्टेजवर वन्स मोअर घेत वाढत जायचं, त्याचं तीन मिनिटांचं सँपल आपल्या हातात आहे, तेही बंद खोलीत, समोर एकही प्रेक्षक नसताना घेतलेलं. आवाज खरा आहे. पण ज्या यंत्रणेत तो आवाज तसा व्हायचा, ती यंत्रणा त्यात नाही.

मी गॅस सेन्सरवर काम करते. वायू आल्यावर फिल्मचा रोध किती बदलला ते आम्ही मोजतो. उत्तर नेहमी गुणोत्तरात लिहायचं असतं, हवेतला रोध आणि वायूतला रोध यांचं. नुसता 'वायूमध्ये रोध इतका' असा आकडा कुणी आणून दिला तर गाईड तो बघणारही नाहीत. बेसलाइन कुठाय? नाटकाच्या चित्रणात बेसलाइन म्हणजे प्रेक्षागृह. यूट्यूबवर संगीत नाटकांची जी चित्रणं मी पाहिली, त्यात बहुतेक वेळा एक कॅमेरा मागे खिळलेला, स्टेज समोर, आणि प्रेक्षक म्हणजे कुठून तरी येणारा खोकला. काही ठिकाणी तर टाळ्या पडल्या की लगेच कट. वन्स मोअर कापलेलं. कारण काय, तर 'परत तेच कशाला'.

आता बर्गमनने काय केलं ते बघा.

सुरुवातीला सहा-सात मिनिटांचं नुसतं वाद्यसंगीत आहे, आपल्या नांदीसारखी जागा. पडदा अजून बंद. इथे कुठलाही दिग्दर्शक वादक दाखवेल, नाहीतर श्रेयनामावली. बर्गमन चेहरे दाखवतो. प्रेक्षकांचे. म्हातारे, तरुण, वेगवेगळ्या वंशांचे, आणि पुन्हा पुन्हा एका लहान मुलीचा. छायाचित्रकार स्वेन निक्विस्ट. चेहऱ्यांवर विशेष काही घडत नाही, माणसं ऐकतायत. ताल बदलला की चेहरा बदलतो, एवढंच. सिनेमाने सगळ्यात आधी बेसलाइन घेतली. पुढे गोष्ट चालू असतानाही ती मुलगी अधूनमधून येते आणि आपण समजतो की हे जे चाललंय ते कुणासाठी तरी चाललंय.

स्टेजही लपवलेलं नाही. स्टॉकहोमजवळ ड्रॉटनिंगहोमला 1766 सालचं लाकडी नाटकघर आहे, जुन्या यंत्रांसकट. (ते कित्येक वर्षं अडगळ म्हणून पडून होतं आणि 1921 साली पुन्हा सापडलं. संयुक्त मानापमानचंच वर्ष. याला काही अर्थ नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.) तिथलं लाकूडकाम सिनेमाच्या सामानाला झेपणारं नव्हतं, म्हणून बर्गमनने ते स्टेज स्टुडिओत जसंच्या तसं उभं केलं. रंगवलेले पडदे हलताना दिसतात, साप उघडउघड कापडाचा आहे. पापागेनोची पहिली एन्ट्री तर बघाच. तो रंगपटात आडवा पडलेला असतो, आपलं संगीत सुरू झालेलं ऐकतो आणि धडपडत पळत सुटतो, शिट्टी तोंडाला लावतो ती ऐन वेळेवर. होकान हागेगोर्ड नावाच्या तरुण गायकाने हे काम केलंय आणि सबंध सिनेमात इतकं मोकळं दुसरं कुणी नाही. मध्यंतरात आपण थेट मागे जातो. तामिनो आणि पामिना बुद्धिबळ खेळतायत. झारास्त्रो दुसऱ्याच एका ऑपेराची वही वाचतोय. रात्रीची राणी 'धूम्रपान करू नये' अशा पाटीखाली सिगारेट ओढतेय. मोजक्या मिनिटांत कळतं की राणी म्हणजे राणी नव्हे, कामावर आलेली बाई आहे. आणि पुढच्या अंकात ती गायला उभी राहिली की तरीही भीती वाटते! कलाकृती 'कशी होते' हे दाखवल्याने जादू कमी होते असं समजणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे.

त्या राणीच्या गाण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. तिचा सगळ्यात वरचा सूर साधारण 1397 हर्ट्झचा, आणि झारास्त्रोचा सगळ्यात खालचा साधारण 87 हर्ट्झचा. भागून बघा, सोळा पट येतं, म्हणजे बरोबर चार सप्तकं. मोझार्टने दोन विरोधी माणसं माणसाच्या आवाजाच्या दोन टोकांवर नेऊन ठेवलीत. मोबाइलच्या स्पीकरला 87 हर्ट्झ झेपत नाही. झारास्त्रोचा मूळ सूर तुम्हाला ऐकूच येत नाही, त्याच्या वरच्या पटींवरून मेंदू तो भरून काढतो. हेडफोन लावा.

इथपर्यंत कौतुक झालं. आता रिव्ह्यूअर नंबर दोनचा प्रश्न: ते प्रेक्षक खरे आहेत का?

नाहीत. गाणी आधी रेकॉर्ड केलेली होती, गायकांनी नंतर कॅमेऱ्यासमोर त्यावर ओठ हलवले. म्हणजे ते चेहरे ज्या प्रयोगाला प्रतिसाद देतायत तो प्रयोग त्या रूपात झालेलाच नाही. कडक भाषेत बोलायचं तर बर्गमनची बेसलाइन रचलेली आहे. पेपरमध्ये असं केलं तर पेपर मागे घ्यावा लागेल.

यावर मी बराच विचार केला, आणि माझं मत सिनेमाच्या बाजूने आहे. कारण तो काय करतोय हे लपवत नाही. आवाज एकाचा, हालचाल भलत्याची, ही तक्रार घ्यायची तर ती मोझार्टच्या विंगेतल्या घंट्यांपासून घ्यावी लागेल. आपल्या भाव्यांपासूनही. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं त्यावर अभिनय करायची आणि मधली भाषणं आयत्या वेळी जुळवून बोलायची. प्लेबॅक म्हणतो तो हाच, फरक एवढाच की सूत्रधार सगळ्यांना दिसेल असा उभा असायचा. बर्गमनही दिसेल असाच उभा आहे: कापडी साप, पाट्या धरलेली पात्रं, पळणारा पापागेनो. डेटा आणि मॉडेल यात फरक असतो. मॉडेलला 'हे मॉडेल आहे' असं लिहिलं की त्यावर फसवणुकीचा आरोप येत नाही, ते चांगलं आहे की वाईट एवढंच विचारायचं. प्रेक्षागृह आणि स्टेज यांच्यातली देवाणघेवाण कशी चालते, याचं याहून चांगलं मॉडेल सिनेमात मी पाहिलेलं नाही.

खऱ्या डेटाचं उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 30 डिसेंबर 2006 पासून आपले प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली. योगायोग असा की पहिला प्रयोग याच ऑपेराचा होता, ज्युली टेमरने केलेला, इंग्रजीत, मुलांसाठी कापून शंभर मिनिटांचा केलेला. तिथं प्रेक्षक खरे, टाळ्या खऱ्या, चूक झाली तर चूकही खरी. भव्य बाहुल्या, झकास वेशभूषा. पण कॅमेरा स्टेजवरून क्वचित हटतो. टाळ्या ऐकू येतात, ऐकणारा माणूस दिसत नाही. खरी मोजणी, पण अर्ध्याच वाहिन्यांवर.

बर्गमनच्या ज्या गोष्टी मला पटत नाहीत त्या वेगळ्या. पहिली: त्याने झारास्त्रोला पामिनाचा बाप करून टाकलं. त्यामुळे गोष्ट 'मुलगी कुणाकडे राहणार' या घटस्फोटाच्या भांडणासारखी होते. पहिल्या अर्ध्या भागाला धार येते हे खरं, पण मूळ गोष्टीतला तो विचित्र धक्का, की ज्याला वाईट समजलो तो वाईट नाही, तो नेहमीच्या कौटुंबिक कारणात विरघळून जातो. दुसरी: मूळ ऑपेरात दोन पुरोहितांचं एक छोटं गाणं आहे, बायकांच्या डावपेचांपासून सावध राहा असं सांगणारं. बर्गमनने ते काढून टाकलं. बाई म्हणून मला ते गाणं ऐकायची हौस नाही. पण झारास्त्रोचा 'ज्ञानाचा' आश्रम बायकांबद्दल काय विचार करतो हे त्या गाण्यात उघड होतं. ते काढलं की आश्रम आहे त्याहून स्वच्छ दिसतो. ग्राफमध्ये न बसणारा बिंदू काढल्यावर रेषा सरळ येतेच की. आणि ती लहान मुलगी, तिचा चेहरा दोन-चार वेळा कमी चालला असता. शेवटी शेवटी ती आपण कधी हसायचं ते सांगायला लागते.

मग आपलं 'मानापमान'? 10 जानेवारी 2025 ला सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' आला. दिग्दर्शनही त्यांचं, धैर्यधरही तेच, भामिनी वैदेही परशुरामी, संगीत शंकर-एहसान-लॉय. 2015 च्या 'कट्यार काळजात घुसली'नंतर त्याच वाटेवरचा प्रयत्न. ही माणसं संगीत नाटकासाठी जीव टाकतात याबद्दल मला शंका नाही, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलं त्यामुळे खाडिलकरांचं नाव घ्यायला लागली असतील तर उत्तमच. पण सिनेमाने नाटकाचं स्टेज पुसून टाकलं. महाल आले, लढाई आली. पद गाऊन संपलं की सीन बदलतो. वन्स मोअर म्हणायला आत कुणी नाही आणि बाहेर, थिएटरात, म्हणून उपयोग नाही. 'कट्यार'ला हे कमी बाधलं, कारण ती गोष्टच गवयांची आहे. दरबारात, मैफलीत ऐकणारी माणसं पडद्यावर आपोआप बसलेली असतात. सदाशिव गातो तेव्हा खाँसाहेबांचा चेहरा दिसतो. तिथं बेसलाइन कथेतच आहे. 'मानापमान'मध्ये ती बाहेरून आणावी लागली असती, आणि बर्गमनने ती कशी आणायची ते पन्नास वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं होतं.

ही अडचण जुनीच आहे. टेंबे स्वतः 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले, म्हणजे 'मानापमान'च्या चाली बांधणारा माणूसच पहिल्या मराठी बोलपटाचा नायक. बालगंधर्व 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. ज्या माणसाचं अर्धं गाणं समोरून येणाऱ्या 'वन्स मोअर'वर उभं, त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, आणि समोर फक्त दिवे. त्यांचं चित्रपटाशी फार जमलं नाही यात नवल वाटत नाही.

आता तुमच्यापैकी कुणी गावाकडे, सांगलीत, मिरजेत संगीत नाटकाचं चित्रण करणार असेल, आणि हल्ली मोबाइलवर बरेच जण करतात, तर एक करा. दुसरा मोबाइल मागे वळवून लावा. क्वालिटी वाईट आली तरी चालेल, अंधारात चेहरे अर्धेच दिसतील तरी चालेल. दोन्ही फाइलींची वेळ जुळवून ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवली की पुरतं. आणि वन्स मोअर कापू नका. दुसऱ्या फेरीला पद किती सेकंद वाढलं ते मला कळवा.